चौदा नंबरचे पट्टे

"चौदा नंबर गेला, ताई," असे केयूरने मला सांगितले तेव्हा मी पित्ताशय काढून नुकतीच घरी आले होते आणि पोटावर चार ठिकाणी पट्ट्या होत्या. "तिसऱ्याच दिवशी गेला. तुम्हाला हॉस्पिटलात कुठे सांगू, म्हणून गप्प राहिलो. मादी एकटी पडू नये म्हणून दुसरा नर आणून सोडला. झकास जमलंय दोघांचं, बघा."

"शव कुठे आहे?"

"शव कसलं, ताई! खेकड्यांनी संपवला. काटासुद्धा ठेवला नाही."

विधान अशक्य नव्हते. प्रवाळांच्या टाकीत सफाईसाठी शंखातले छोटे खेकडे ठेवलेले असतात आणि बोटभर लांबीचा मेलेला मासा ते दिवसभरात फस्त करतात. केयूर माझ्याकडे सात वर्षे येत होता. बोरिवलीला राहायचा, बँकेत होता, आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीतले जे काही त्याला येत होते ते मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये बसून शिकला होता. शस्त्रक्रियेच्या नऊ दिवसांसाठी घराची किल्ली मी त्याच्याकडे दिली होती, कारण माझे यजमान माणिक यांना टाकीतले फक्त दिव्याचे बटण ठाऊक आहे.

चौदा नंबर हा क्लाउनफिश २०१८ साली माझ्याच घरात अंड्यातून बाहेर आला. त्या खेपेच्या पिल्लांतून मी वेगळा काढलेला तो चौदावा, म्हणून चौदा नंबर. माशांना मी नावे देत नाही. साध्या क्लाउनफिशच्या नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असतात. चौदा नंबरच्या डाव्या अंगावर मधला पट्टा दुभंगून पुन्हा जुळला होता आणि त्या जुळणीत वाटाण्याएवढे नारिंगी छिद्र राहिले होते. उजवीकडे डोक्यावरचा पट्टा डोळ्याखालीच थांबून एका बारीक पांढऱ्या रेघेने मधल्या पट्ट्याला जोडलेला होता. असा नमुना मी प्रत्यक्षात दुसरा पाहिलेला नाही आणि छापील साहित्यातही मला सापडलेला नाही. तो सकाळी सात वाजता काचेपाशी यायचा आणि चिमट्यातून खायचा. मला त्याचा लळा होता. हे विधान मी सहसा करत नाही.

हा मासा माणिक आणि केयूर यांच्याखेरीज कुणी पाहिला नव्हता. उपनगरांतल्या हौशी मत्स्यपालकांचा एक मंडळवजा गट आहे. तिथे मी तो कधी नेला नाही, फोटोही दाखवला नाही. औषध कंपनीच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे काढल्यावर अपुरे निरीक्षण लोकांपुढे मांडण्याची सवय माणसाला राहत नाही.

टाके सुटल्यावर पंधरा दिवसांनी मी टाकीतली वाळू चाळायला घेतली. माशाच्या कानात चुनखडीचे बारीक खडे असतात. मांस, त्वचा, कोवळी हाडे सगळे खाल्ले गेले तरी ते बहुधा उरतात. मला तो खडा हवा होता. त्याच्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वलये असतात आणि चौदा नंबरचे तेवढे तरी माझ्याकडे राहिले असते. वाकता येत नव्हते म्हणून केयूर मदतीला आला. सलग दोन रविवार तो बादलीशेजारी बसून चाळणी धरत होता आणि मी भिंग लावून बघत होते.

"ताई, सापडेल हो," तो म्हणाला. "एवढासा असतो तो. तुम्ही दमू नका. मी हलवतो, तुम्ही फक्त बघा."

खडा सापडला नाही. न सापडणे हा पुरावा नव्हे, हे मी स्वतःला सांगितले आणि केयूरला पोहे करून घातले.

चौदा जूनला विनिताचा फोन आला. विनिता मूळची मनोरीच्या कोळीवाड्यातली, मालाडच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि आमच्या मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाची परीक्षक असते. तिच्या घरी चार पिढ्या मासे विकतात. या विसंगतीवर ती स्वतःच हसते.

"मॅडम, ग्रुपवर एक फोटो आलाय. तुम्ही त्या ग्रुपमधून पळालात ना, म्हणून तुम्हाला पाठवते. केयूर म्हणतोय, चेन्नईच्या कुठल्या ब्रीडरकडून आणलाय आणि आता याच्या पिल्लांची लाइन काढणार. नावही ठेवलंय, 'बोरिवली जाळी'. बारशाची भारी घाई! मला खरं सांगा, फोटोत काही गडबड केलीय का?"

फोटो उघडला. डाव्या अंगावर वाटाण्याएवढे छिद्र.

मला चार सेकंद लागले. पुढची दहा मिनिटे मी काय केले ते मला आठवत नाही. माणिक म्हणतात, मी चाळणी शोधून काढली आणि खिडकीतून खाली टाकली. खाली कुणी नव्हते हे सुदैव.

"अगं, सरळ आहे," माणिक म्हणाले. "तुझ्याकडे त्याचे फोटो आहेत. चोराला दाखव, मासा आण, विषय संपव."

फोटो होते. सहा वर्षे, दर महिन्याच्या एक तारखेला, दोन्ही बाजू, शेजारी मोजपट्टी. एकशे चव्वेचाळीस. माणिक यांचा मार्ग बरोबर होता आणि दुपारच्या चहापूर्वी मासा घरी आला असता. पण पुढचे दृश्यही मला स्वच्छ दिसत होते. केयूर कान पकडून हसेल. 'ताई, मोह झाला हो' म्हणेल. मंडळातले लोक म्हणतील, जाऊ द्या ना, मुलगा चांगला आहे. मग कुणीतरी सामोसे मागवेल. ज्या माणसाने मेलेल्या माशाचे अवशेष शोधायला माझ्यासोबत दोन रविवार चाळणी धरली, आणि तो मासा स्वतःच्या घरी पोहतो आहे हे त्याला त्या वेळी ठाऊक होते, त्याच्यासाठी सामोसे ही शिक्षा मला अपुरी वाटली.

आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी त्याला माहीत नव्हती.

चौदा नंबरचे पट्टे पुढच्या पिढीत उतरतात का, हा एकच प्रश्न मी सहा वर्षे विचारत होते. आधी त्याची जोडी नात्याबाहेरच्या मादीशी, सहा नंबरशी, लावली: तीनशे सोळा पिल्ले. एखादा गुण एका पिढीत लपून राहू शकतो, म्हणून नंतर काही काळ त्याच्या स्वतःच्या मुलीशी लावली: शहाण्णव. ("जेवताना तुझ्या टाकीतली नाती सांगू नकोस," माणिक त्या काळात म्हणत.) एकूण चारशे बारा पिल्ले. कुठे एखादा पट्टा अर्धा राहिला होता, तसा तो कुणाच्याही घरी राहतो. पण जुळलेले पट्टे, छिद्र, रेघ यांतले काही एकाही पिल्लात नव्हते. तो नमुना त्याच्या रक्तात नव्हता. पिल्लू असताना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याच्या वाट्याला जे पाणी, ऊब किंवा खाद्य आले असेल त्यातून तो घडला होता. नेमके कशातून, ते मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही त्याला मी नाव देत नाही.

केयूरने माझ्या घरी सगळे पाहिले होते: जोड्या, अंडी, पिल्लांच्या टाक्या. इतक्या वर्षांच्या जोड्या बघून त्याने गृहीत धरले की बापासारखी पिल्ले ताई नजरेआड ठेवते, मौल्यवान वंश तयार करते आहे आणि कुणाला देत नाही. माझ्या नोंदींची वही बेडरूमच्या कपाटात होती. त्याने मासा नेला. वही वाचली नाही.

मी विनिताला उत्तर लिहिले. तीन वाक्ये. फोटो खरा आहे. पट्टे आनुवंशिक आहेत की नाहीत हे संतती वाढवल्याशिवाय सांगता येत नाही. दावा जाहीर झालाच आहे, तर प्रदर्शनात निवडक नव्हेत, एका खेपेची सगळी पिल्ले मांडावीत.

तिन्ही वाक्ये खरी होती.

विनिताने अट ग्रुपवर घातली आणि केयूरने ती अंगठ्याची खूण टाकून मान्य केली. 'सगळी आणतो. गाडी मोठी लागेल!' असे त्याने लिहिले. प्रदर्शन तीस नोव्हेंबरला अंधेरीत होते. मी प्रदर्शनांना सहसा जात नाही, हे केयूरला ठाऊक होते. एकशे एकोणसत्तर दिवस.

जुलैत त्याने आणखी एक फोटो टाकला. विनिताने तोही पाठवला. लोक पट्टे बघत होते; मी शेपूट पाहिले. शेपटीच्या वरच्या कडेला लचका तोडलेला होता. क्लाउनफिशमध्ये मादी आकाराने मोठी असते आणि टाकीवर तिची सत्ता चालते. टाकी लहान असेल तर नराला पळायला जागा उरत नाही. केयूरची टाकी लहान होती. ते मला ठाऊक होते, कारण ती निवडताना मी त्याच्या सोबत होते आणि मोठी घे म्हणाले होते.

"हे बघून तरी बोलशील ना?" माणिक यांनी विचारले.

"शेपूट भरून येते."

"आणि नाही आलं तर?"

 त्या संध्याकाळी मी फोन हातात घेतला होता, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. केयूरचे नाव काढलेही होते. मग मला वाळूची बादली आठवली, 'ताई, सापडेल हो' आठवले, आणि मी फोन ठेवला.

ऑगस्टअखेर केयूर स्वतःच दारात उभा राहिला. हातात पेढ्यांचा डबा, चेहरा उतरलेला.

"ताई, वाट लागलीय. माझं रोटिफरचं कल्चर बसलं. पिल्लं उद्या-परवा फुटतील आणि तोंडात घालायला काही नाही. तुमच्याशिवाय मुंबईत जिवंत कल्चर कुणाकडे मिळणार?"

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे तोंड इतके लहान असते की रोटिफर हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीवच त्यात मावतो. तो मिळाला नाही तर तीन दिवसांत सगळी खेप मरते.

"कुठल्या जोडीची पिल्ले?" मी विचारले.

"साधीच हो. तुम्हाला काय दाखवायचं त्यात." तो सहा नंबर आणि तिच्या नव्या नराकडे बघत होता. त्यांनी खडकाच्या आडोशाला अंडी घातली होती. "बघा, मी म्हटलं नव्हतं, जमलंय दोघांचं!"

मी त्याला दोन लिटर कल्चर दिले. रोटिफरांना खाऊ घालायचे हिरवे शेवाळही दिले, वेळापत्रक लिहून दिले, पाण्याचे तापमान किती ठेवायचे ते दोनदा सांगितले. माझी स्वतःची पिल्ले इतक्या काळजीने वाढलेली नाहीत. तो पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.

दार लागल्यावर माणिक वर्तमानपत्रातून बाहेर आले. "त्याने तुझा मासा चोरला आणि तू त्याला दूध पाजतेयस?"

"दहा पिल्ले जगली आणि दहाही साधी निघाली, तर त्यातून काही सिद्ध होत नाही. मला दोनशे हवीत."

 "लग्नाआधी मला कुणी सांगायला हवं होतं," माणिक म्हणाले आणि पेढ्यांचा डबा उचलून स्वयंपाकघरात ठेवून आले. त्यांनी पेढा खाल्ला नाही. मी दोन खाल्ले.

ऑक्टोबरात एकदाच फोन आला. त्याने आवाज सहज ठेवला होता.

"ताई, एक जनरल डाउट. पट्टे पूर्ण यायला किती दिवस धरायचे?"

"शेपटीकडचा शेवटचा पट्टा पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागू शकतात."

"म्हणजे आत्ता साधे दिसले तरी पुढे…?"

"मी शेवटच्या पट्ट्याबद्दल सांगितले," मी म्हणाले. "बाकी तू पिल्ले बघतोयस. मी नाही."

हेही खरेच होते. चौदा नंबरचे छिद्र सतराव्या दिवसापासून दिसत होते, हे त्याने विचारले नाही.

तीस नोव्हेंबरला अंधेरीच्या त्या सभागृहात सकाळी अकरालाच दीड-दोनशे माणसे होती. केयूरचे टेबल मधोमध. मागे छापील फलक: 'बोरिवली जाळी'. डावीकडच्या छोट्या टाकीत चौदा नंबर, उजवीकडच्या लांब टाकीत पिल्ले. मी आधी डावीकडे गेले.

शेपूट भरून आलेले नव्हते. डावा पर जवळजवळ उरलाच नव्हता. पाठीवर खवले निघून फिकट चट्टा पडला होता आणि तो हीटरच्या आडोशाला, नाक काचेला लावून, एकाच जागी हलत होता. चिमटा माझ्याकडे नव्हता. मी बोट काचेपाशी नेले. तो आला नाही.

उजवीकडे विनिता मोजत होती. तिच्या मोजण्यात घरचा सराव आहे. टोपलीतले बोंबील मोजावेत तशी ती डोळ्यांनी पाच-पाच उचलते.

"एकशे त्र्याऐंशी," ती म्हणाली. "आणि केयूर, जाळी कुठाय?"

"मॅडम, हे बघा ना, ही पाच. यांचा पट्टा अर्धा आहे. सुरुवात झालीय. हळूहळू–"

"अर्धा पट्टा माझ्या कॉलेजच्या टाकीतही सापडेल रे. तू म्हणाला होतास निम्मी तरी बापासारखी येतील. मला एक दाखव. एक."

लोक जवळ सरकले. कुणीतरी मागून म्हणाले, "जाळी फाटली वाटतं!" हशा झाला. केयूरच्या मानेवर घाम आला होता. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. नेमके तिथे त्याने ती चूक केली, जिच्यावर मी भरवसा ठेवला नव्हता. तेवढी मोठी चूक तो करेल असे मला वाटले नव्हते.

"खाद्याचा प्रॉब्लेम आहे," तो मोठ्याने म्हणाला. "रोटिफर अस्मिताताईंकडचे होते. पहिल्या आठवड्यात खाद्य खराब असलं की पट्टे बिघडतात. विचारा त्यांना!"

सगळे माझ्याकडे वळले. मी पिशवीतून वही काढली.

"याच कल्चरवर मी याच नराची चारशे बारा पिल्ले वाढवली आहेत," मी म्हणाले. "दोन माद्यांपासून. एकातही हा नमुना आलेला नाही. तारखा आणि आकडे इथे आहेत."

"याच नराची?" विनिताने विचारले.

मी फोटो टेबलावर मांडले. सगळे नव्हेत, दर वर्षाचे दोन, डावी बाजू आणि उजवी. शेवटचा एक डिसेंबर २०२४चा. विनिताने भिंग घेतले, चौदा नंबरच्या टाकीपाशी गुडघ्यांवर बसली आणि एकेक फोटो काचेला लावून पाहू लागली. छिद्र. डोळ्याखाली थांबलेला पट्टा. रेघ. तिला बारा मिनिटे लागली.

"हा चेन्नईचा नाही," ती उठत म्हणाली. "हा मुलुंडचा आहे. केयूर, आमच्याकडे दुसऱ्याच्या जाळ्यातला मासा उचलणाऱ्याला काय म्हणतात ते मी इथे बोलत नाही, पोरंबाळं आहेत."

 फलक केयूरच्या मागे तसाच होता. कुणी सामोसे मागवले नाहीत. सात वर्षांत त्याने ज्यांना टाक्या लावून दिल्या होत्या ते लोक एकेक करून दुसऱ्या टेबलांकडे गेले, आणि जाताना कुणी त्याच्याशी बोलले नाही. मी हे सगळे उभी राहून पाहिले. मला बरे वाटले. सूड घेतल्यावर पोकळ वाटते असे लोक सांगतात. माझ्या निरीक्षणात तसे आढळले नाही.

मी चौदा नंबरला पिशवीत घेत होते तेव्हा केयूर बाजूला येऊन उभा राहिला.

"तुम्हाला जूनपासून माहीत होतं?"

"चौदा तारखेपासून."

"आणि पिल्लं साधीच निघणार, हे?"

"ते त्याआधी बराच काळ."

"ताई, त्याच दिवशी एक फोन केला असता तर मी त्याच दिवशी मासा परत आणून दिला असता. आई शप्पथ. हा असा…" त्याने पिशवीकडे बोट केले.  "हा असा झाला नसता."

"हो," मी म्हणाले. "मला ते माहीत होते. म्हणूनच फोन केला नाही."

तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू चोरी मीच केली होती. मी पिशवीला गाठ मारली.

घरी आल्यावर चौदा नंबरला जाळीच्या पेटीत घालून मोठ्या टाकीत ठेवले. सहा नंबर त्याची जुनी जोडीदार. ती काही क्षणांत आली आणि जाळीवर धडकली. पुन्हा धडकली. तिच्या मागून तो नवा नर, केयूरने आणलेला, त्यानेही धडक दिली. खडकामागे त्यांची तिसरी अंडी होती. माशाला नाती आठवतात असे मानायला मला आधार नाही. टाकीत नराची जागा एकच असते आणि ती भरलेली होती. त्या बिचाऱ्या नव्या नराला काढून टाकावे, तर त्याचा अपराध काय होता?

चार दिवस मी पेटी ठेवली. पाचव्या दिवशी चौदा नंबरला जेवणाच्या टेबलावरच्या चाळीस लिटरच्या टाकीत हलवले. त्याला तिथे कुणी मारणारे नाही. कुणी सोबतीलाही नाही. तो हीटरच्या आडोशालाच राहतो. या टाकीत आडोसा घेण्याचे कारण नाही, पण ते त्याला कसे सांगायचे याची पद्धत उपलब्ध नाही.

"तो पर परत येतो का?" माणिक यांनी विचारले.

"मुळापर्यंत गेला नसेल तर."

"गेलाय?"

"डाव्या बाजूला गेलाय."

 ताट उचलून माणिक हॉलमध्ये जेवायला बसले. गेला आठवडाभर ते तिथेच जेवतात.

आज सकाळी सात वाजता मी चिमट्यात कोळंबीचा बारीक तुकडा धरून पाण्यात हात घातला. बावीस मिनिटे तो हलला नाही. मग एका अंगावर कलत, उरलेल्या एका पराने पाणी कापत, तो आडोशातून बाहेर आला, वाकडातिकडा चिमट्यापर्यंत पोहोचला आणि खाल्ला. दुसरा तुकडा दिला. तोही खाल्ला.

हात पुसताना फोनवर केयूरचा निरोप दिसला. प्रदर्शनापासूनचा अकरावा.

'ताई, मला माफ करू नका. फक्त एवढं सांगा, चौदा खातोय का?'

मी निरोप वाचला. वाचल्याची खूण त्याच्याकडे उमटली असणार. मग फोन पालथा ठेवला आणि तिसरा तुकडा कापायला घेतला.